गट पाडले की एकच मूल काम करतं, आणि स्टारचा तक्ता दोन आठवड्यांत थंडावला: सहावीसाठी काय करावं?

सहावी ब, नागपूर शहर (प्रश्न)

सहावीचा वर्ग, पट ४२, रोज ३८ ते ४० हजर. दोन मुलांचे लोखंडी बाक, तीन रांगांत सात-सात. बाक सरकतात, पण खोली लहान असल्यानं गोल मांडणी होत नाही. तासिका ३५ मिनिटांची. शेजारच्या वर्गाची मधली भिंत छतापर्यंत गेलेली नाही.

गणित आणि विज्ञानात गटकार्य चालू आहे. सहा-सात मुलांचे गट आणि प्रत्येक गटाला एक गटप्रमुख. होतं असं की गटप्रमुख कागद ओढून घेतो आणि सगळं स्वतःच सोडवतो. दोघं त्याचं बघून उतरवतात, बाकीचे खिडकीबाहेर. आवाज इतका की पलीकडच्या वर्गातून निरोप येतो. भिंतीवर स्टारचा तक्ता आहे: चांगलं काम केलं की स्टार, दहा स्टार झाले की चॉकलेट. सुरुवातीला मुलं स्टारसाठी भांडत होती, आता पहिले पाच-सहा सोडले तर कुणी तक्त्याकडे बघतसुद्धा नाही. डी.एड.ला धन प्रबलन (हवं ते वागणं वाढावं म्हणून त्यामागून काही आवडीचं देणं) म्हणून शिकवलं ते हेच ना? मग ते चालत काऊन नाही?

गट किती मुलांचा आणि कसा पाडावा, सगळ्यांच्या हाताला काम कसं लागेल, आणि बक्षीस ठेवावं की काढावं, एवढं नेमकं सांगा. पैसे न लागणारे उपाय आधी.

गणितवाल्या बाई, कामठी तालुका

सहा-सातचा गट हाच पहिला घोळ. गट वाढला की माणशी जोर घटतो. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून हे मोजलं होतं, त्याचं लेखन १९१३ साली छापलं गेलं. मोठ्या माणसांचं हे, तर सहावीच्या पोरांचं काय सांगावं. चारच्या वर जाऊ नका. चारात दोन जोड्या पडतात आणि खरं बोलणं जोडीतच होतं. पाचवा आला की एक जण जोडीविना उरतो, तोच खिडकीबाहेर बघतो.

तुमच्या बाकांवर हे असं बसेल. प्रत्येक रांगेत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बाकावरची मुलं पाय पलीकडे टाकून मागे वळतात. बाक हलवायचाच नाही. एका रांगेत चारचे तीन गट, तीन रांगांत नऊ, म्हणजे ३६ मुलं बसली. उरले शेवटचे तीन बाक आणि सहा मुलं. मधल्या बाकावरचा एक डावीकडे, एक उजवीकडे, तिघांचे दोन गट. मधला बाक मोकळा झाला, त्यावर पाट्या आणि कार्डं ठेवा. एकूण अकरा गट. वळायची तालीम एकदा गणिताशिवायच घ्या, पाच मिनिटांची. नाहीतर रोज तीन-चार मिनिटं नुसत्या खडखडाटात जातात आणि पलीकडून निरोप येतो तो त्यामुळेच.

मुलांची वाटणी करताना मागच्या घटक चाचणीच्या गुणांप्रमाणे १ ते ४२ अशी उतरती यादी लिहा. पहिली फेरी: १ ते ११ क्रमांकाची मुलं गट १ ते ११ मध्ये. दुसरी उलटी: १२ वा गट ११ मध्ये, १३ वा गट १० मध्ये, असं करत २२ वा गट १ मध्ये. तिसरी फेरी पुन्हा सुलटी, २३ ते ३३. चौथीला फक्त नऊ मुलं उरतात, ३४ ते ४२. ती सवयीनं उलटी फिरवू नका. तशी फिरवली तर गट १ आणि २ तिघांचे राहतात, म्हणजे वर्गातल्या पहिल्या दोघांच्या गटांत कच्चं मूलच येत नाही. चौथी फेरीही १ पासून सुलटीच द्या, तिघांचे गट १० आणि ११ होतील. मग यादी एकदा डोळ्यांखालून घाला: वर्गात नवीन आलेलं मूल आणि त्याच्या ओळखीचं एकच मूल वेगळं पडलंय का, ज्या दोघांचं पटत नाही ते एकत्र आलेत का. दोन-तीन अदलाबदली पुरतात. गट चार ते सहा आठवडे तेच ठेवा. दर आठवड्याला बदलले तर मुलांचा वेळ ओळख करून घेण्यातच जातो, आणि सहामाहीपर्यंत तेच ठेवले तर त्यांत कायमचा मालक तयार होतो.

गटप्रमुख मात्र आजच काढा. कामं चार असतात: वाचणं, लिहिणं, तपासणं, सांगणं. ती बाकावरच्या जागेप्रमाणे द्यायची आणि रोज एक जागा पुढे सरकवायची. एक नियम कडक पाळायचा: ज्याला उत्तर येतं त्यानं बोलायचं, पेन्सिल दुसऱ्याच्या हातात. गटाला एक कागद, एक पेन्सिल.

पण खरी गोम कामाच्या आखणीत आहे. जे काम एकटा करू शकतो ते एकटाच करणार. पुस्तकातली उदाहरणं तशीच गटाला दिली तर गटप्रमुख काढूनही नवा गटप्रमुख आपोआप उगवेल. काम असं हवं की चौघांकडे चार तुकडे असतील आणि एकही तुकडा नसला तर उत्तर निघणार नाही.

अपूर्णांकांची तुलना घ्या. चार कार्डं: २/३, ३/४, ५/८, ७/१२. प्रत्येकाला एक. कार्ड दुसऱ्याला दाखवायचं नाही, फक्त बोलून सांगायचं. गटानं आधी मिळून समान छेद ठरवायचा (२४), मग प्रत्येकानं आपल्याच कार्डावर आपल्या अक्षरात रूपांतर लिहायचं: १६/२४, १८/२४, १५/२४, १४/२४. शेजाऱ्यानं तपासायचं. मग चारी कार्डं चढत्या क्रमानं बाकावर मांडायची: ७/१२, ५/८, २/३, ३/४. तिघांच्या गटाला ५/८ देऊ नका. तिथे छेद १२ वरच भागतो, तेवढं सोपं झालेलं चालेल. ७/१२ मुद्दाम घातलंय. आकडे मोठे म्हणून अपूर्णांक मोठा असं ज्यांच्या डोक्यात आहे ती मुलं ते शेवटी ठेवतात, आणि ते खरं म्हणजे सगळ्यात लहान. फेरी मारताना तुमची नजर त्याच कार्डावर ठेवा. कार्डांना खर्च नाही, लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापली की झाली.

इथे एक पळवाट असते. चलाख मूल म्हणतं, "तुमचे तुमचे अपूर्णांक सांगा, मी करून देतो." म्हणून कार्डं गोळा करून अक्षर बघायचं. एकाच अक्षरातली चार कार्डं आली तर गटाला ती परत, दुसरी काही शिक्षा नको.

वेळ: बसणं आणि साहित्य ३ मिनिटं, फळ्यावर एक उदाहरण ७, गटात १२, तपासणी ८, शेवटची ५ मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं वहीत एक उदाहरण. झाले ३५. या शेवटच्या पाचांना कात्री लावू नका. उदाहरण असं द्या: ५/६ आणि ७/९ यांत मोठा कोणता? १५/१८ आणि १४/१८, म्हणजे ५/६. ज्यानं ७/९ लिहिलं त्याचा तोच जुना घोटाळा गटात बसूनही सुटलेला नाही, हे तुम्हाला वही उघडताच कळतं.

तपासणीच्या ८ मिनिटांत "कोण सांगेल?" हा प्रश्न विचारायचाच नाही. मुलांना जागेप्रमाणे १ ते ४ नंबर असतात. चर्चा संपल्यावर चिठ्ठी काढायची, "नंबर तीन!", की अकरा गटांतले अकरा जण उभे राहून पाटीवर उत्तर दाखवतात. तिघांच्या गटात चारची चिठ्ठी आली तर एक नंबरवाला उठतो. चिठ्ठी चर्चेच्या आधी काढली की बाकीचे तिघं निवांत, हे लक्षात असू द्या. स्पेन्सर केगन यांनी ही युक्ती प्रसिद्ध केली.

निवृत्त केंद्रप्रमुख, काटोल रोड

बाईंनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे जी, पण सरमिसळ गट हा प्रत्येक दुखण्यावरचा उपाय नव्हे. ज्या मुलाला भागाकारच येत नाही, त्याला २४ हा समान छेद कुठून आला हे चौघांत बसून कळणार नाही. तो मान डोलावेल, कार्डावर शेजाऱ्यानं सांगितलं ते लिहील, आणि अक्षर त्याचंच असल्यामुळे तुम्ही फसाल.

त्यासाठी आधी पाच उदाहरणांची चाचणी घ्या: पाढ्यावरचा गुणाकार, एक अंकी भाजकाचा भागाकार, लसावि, सममूल्य अपूर्णांक, तुलना. कोण कुठे अडकलं त्याप्रमाणे पातळीचे गट करा. 'प्रथम' संस्थेनं इयत्तेऐवजी मुलाच्या पातळीप्रमाणे गट करून वाचन आणि गणित शिकवण्याची पद्धत देशभर नेली, तिचं मर्म हेच आहे. आठवड्यात तीन दिवस सरमिसळ, दोन दिवस पातळीनुसार, असं चालतं. पातळीच्या दिवशी तुम्ही भागाकारवाल्यांजवळ खाली बसायचं आणि ठोकळे किंवा चिंचोके घेऊन वाटणी करायची. बाकीच्यांना असं काम हवं की ते वीस मिनिटं तुम्हाला हाक मारणार नाहीत: उत्तरं मागे लिहिलेली कार्डं, किंवा एकमेकांना उदाहरण घालणं.

दोन गोष्टी जपा. या गटांना हुशार-कच्चे अशी नावं पडू देऊ नका. मोर-पोपट ठेवलं तरी पोरांना आठ दिवसांत कळतंच कोण कुठे आहे, म्हणून 'भागाकाराचा गट', 'लसाविचा गट' असं कामाचंच नाव द्या. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी चाचणी घेऊन मुलं हलवा. त्या गटातून वर जाता येतं हे पोरांना दिसलं पाहिजे.

आणि सुरुवात पोळ्याच्या आठवड्यात करू नका. तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या मिरवणुकीला अर्धा वर्ग रस्त्यावर असतो, अकरा गटांचे सहा होतात आणि सगळी घडी विस्कटते.

बी.एड. अध्यापक, नागपूर

स्टारच्या तक्त्याबद्दल लिहितो, कारण गटांबद्दल वर पुरेसं आलं आहे.

तक्ता बंद पडायचं कारण त्याच्या रचनेतच आहे. स्टार 'चांगल्या कामाला' मिळतो. त्यावरून मुलाला एवढंच कळतं की बाई खूश झाल्या. उद्या नेमकं काय केलं तर पुन्हा मिळेल ते कळत नाही. शिवाय दहा स्टार ही वाट लांब आहे. पाच-सहा जण ती आठवड्यात संपवतात. ज्याच्या नावापुढे महिना होत आला तरी दोनच स्टार आहेत, त्याला तो तक्ता रोज सगळ्यांसमोर मागे असल्याचं सांगतो. त्यानं तिकडे बघणं सोडलं यात नवल नाही. एखादी गोष्ट प्रबलन आहे की नाही हे देणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही, ती दिल्यावर ते वर्तन वाढलं का यावर ठरतं. तुमच्या ४२ पैकी ३६ जणांसाठी स्टार हे प्रबलन नव्हतंच.

म्हणून आधी वर्तन निवडा. एका वेळी दोनच, आणि डोळ्यांना दिसणारी, कानांना ऐकू येणारी. 'सहकार्य करा' हे दिसत नाही. 'उत्तर सांगण्याआधी शेजाऱ्याला विचारा, तुझं काय आलं?' हे ऐकू येतं. दुसरं: 'आवाज आपल्या दोन बाकांपुरता'. पहिले तीन आठवडे एवढंच.

आता कौतुक. गटकार्याच्या १२ मिनिटांत ११ गट, म्हणजे एका गटाला एक मिनिट. हातात अकरा चौकोन आखलेला कागद ठेवा. गटाजवळ जा, दहा-वीस सेकंद नुसतं ऐका, जे ऐकलं ते चौकोनात दोन शब्दांत लिहा आणि तेच त्यांना सांगा: "तू तिला विचारलंस की २४ कसे आले, म्हणून तिला तिची चूक स्वतःच सापडली." 'शाब्बास', 'व्हेरी गुड' हे शब्द वर्ज्य नाहीत, पण एकटे आले तर पंख्याच्या आवाजात विरून जातात. हुशारीचं कौतुक मात्र टाळा. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या ज्या मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं गेलं, त्यांनी पुढे सोपं काम निवडलं आणि अवघड गणितं आल्यावर लवकर हात टेकले. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं ती मुलं टिकून राहिली. मेहनतीपेक्षाही पुढे जाऊन पद्धतीचं कौतुक करावं असं मी सुचवीन. कारण पोरगं तासभर घाम गाळून चुकीच्याच रीतीनं गणित करत असेल, तर 'छान मेहनत केलीस' हे त्याच्या काय कामाचं?

मग वेळापत्रक, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. नवं वर्तन शिकवताना ते दिसलं की प्रत्येक वेळी दखल घ्यायची. ते बसलं की दखल विरळ करायची: आधी साधारण दर तिसऱ्या वेळी, मग मुलांना अंदाज येणार नाही अशी. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रबलनाच्या वेळापत्रकांवर जे काम प्रसिद्ध केलं त्यातून हे पक्कं झालं की अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनानं बसलेली सवय जास्त टिकते. दर वेळी मिळणारं बक्षीस एकदम थांबलं की वर्तनही झटकन थांबतं. तेव्हा तक्ता उद्याच फाडू नका. चालू महिना संपेपर्यंत ठेवा, पण वैयक्तिक नावं झाकून गटांचा करा आणि स्टारसोबत कारण लिहा.

चॉकलेटबद्दल. मुलांना जे मुळातच आवडतं त्याला आधी कबूल करून बक्षीस लावू नये. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या अशा मुलांवर प्रयोग केला, ज्यांना स्केचपेननं चित्र काढायला आवडायचं. ज्यांना आधी प्रशस्तिपत्र कबूल केलं होतं ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अचानक मिळालं त्यांच्यात अशी घट दिसली नाही. तुमच्या वर्गात विज्ञानाचे प्रयोग करायला मुलं तशीही उड्या मारत असतील, तिथे स्टार लावू नका. पाढ्यांसारख्या रुक्ष कामाला लावा.

फुकटची बक्षिसं शाळेत भरपूर पडलेली असतात: मधल्या सुट्टीची घंटा वाजवणं, फळ्यावर सुविचार लिहिणं, हजेरीची संख्या कार्यालयात देऊन येणं, परिपाठाला पुढे उभं राहणं, शनिवारी कवायतीत आकडे म्हणणं, शेवटच्या तासाला पाच मिनिटं अंताक्षरी. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्व एवढंच सांगतं की मुलं आपणहून जे जास्त करतात ते, कमी करतात त्याच्या मागे जोडा. त्यासाठी मुलं रिकाम्या वेळात काय करतात ते दोन दिवस बघून घ्या. तुमच्या मनातली यादी आणि त्यांची यादी जुळत नाही. 'आज गृहपाठ माफ' हे बक्षीस देऊ नका. नको असलेली गोष्ट काढून घेऊन दिलेलं ते ऋण प्रबलन आहे, आणि त्यातून मुलं हेच शिकतात की गृहपाठ ही टाळण्याची गोष्ट आहे. खेळाचा तास आणि शालेय पोषण आहार यांना शिस्तीच्या कुठल्याही हिशेबात ओढू नका, देण्यासाठी नाही आणि काढून घेण्यासाठी तर नाहीच.

चौथीच्या बाई, हिंगणा

चॉकलेटाचा साधा हिशेब: दोन रुपयांप्रमाणे ४२ पोरांचे ८४, तेही खिशातून. आणि एप्रिलात टेबलाच्या खणात त्याचं सूप होतं. घंटा वाजवणं खरंच चालतं, फक्त पाळीची यादी दाराला लावून ठेवा, नाहीतर घंटेवरूनच मारामारी.

सहावी ब, नागपूर शहर

खूप उपयोगी. बाकांचं गणित कागदावर मांडून बघितलं, बरोब्बर बसतं.

दोन शंका. एक मुलगा मुद्दाम गोंधळ घालून राहिला की गट त्याच्यावर तुटून पडतो, "तुझ्यामुळे आपला स्टार गेला." दुसरी, पालक विचारतात की गटाला मिळालेले गुण माझ्या मुलीला का लावले. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात गटकार्याची नोंद कशी करावी?

बी.एड. अध्यापक, नागपूर

स्टार 'जाणं' हेच बंद करा. मिळालेलं काढून घ्यायचं नाही. वर्गाला गट करून वर्तनाचा खेळ घ्यायची पद्धत १९६९ साली बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या वर्गात वापरली. तीत नियम मोडला की त्या संघाच्या नावावर फळ्यावर खूण पडायची, आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिलेले सगळेच संघ जिंकू शकत. त्यातला दुसरा भाग घ्या, संघांना एकमेकांशी झुंजवू नका. पहिला भाग उलटा करा: खूण नियम पाळल्याची. १२ मिनिटांत चार खुणा मिळवणारा प्रत्येक गट जिंकला, अकराही जिंकले तरी चालेल.

या मुलासाठी गुप्त नावाची चिठ्ठी वापरा. तासाच्या सुरुवातीला ४२ चिठ्ठ्यांतून एक काढून न दाखवता खिशात ठेवायची. त्या मुलानं दोन्ही नियम पाळले तर शेवटी नाव जाहीर करून सगळ्या वर्गाला अंताक्षरी. पाळले नाहीत तर चिठ्ठी परत डब्यात, नाव कुणालाही कळू द्यायचं नाही. त्यामुळे दोष एकावर येत नाही आणि तो मुलगा पहिल्यांदा वर्गाला काहीतरी मिळवून देऊ शकतो. त्याची चिठ्ठी तुम्ही कधीमधी 'काढली' तरी हरकत नाही, फक्त त्याचा दिवस बरा चाललाय याची खात्री करून.

त्याच्या गोंधळाकडे दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर आधी हे माहीत असू द्या: लक्ष मिळणं बंद झालं की वर्तन लगेच कमी होत नाही, आधी काही दिवस वाढतं. तो बाक वाजवत असेल तर आणखी जोरात वाजवेल. याच टप्प्यावर ओरडलात तर तो शिकतो की जोरात वाजवलं की बाई बघतात, आणि पुढच्या वेळी सुरुवातच तिथून करतो. मॅडसन, बेकर आणि थॉमस यांच्या १९६८ च्या वर्गातल्या अभ्यासात नुसते नियम लावून फारसं काही झालं नव्हतं. फरक पडला तो दुर्लक्षासोबत योग्य वर्तनाचं कौतुक आलं तेव्हा. म्हणून तो बाक वाजवत असताना त्याच्या शेजाऱ्याच्या कामाबद्दल बोला, आणि त्यानं पेन्सिल उचलली की पाच सेकंदांच्या आत त्याच्याकडे वळा, हळू आवाजात, वर्गाला ऐकू न जाईल असं. मारामारी किंवा कुणाला लागेल असं वागणं मात्र दुर्लक्षात बसत नाही, तिथे ताबडतोब मधे पडायचं. वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं यांच्या वाटेला जाऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे.

गणितवाल्या बाई, कामठी तालुका

गुणांबद्दल पालकांचं बरोबर आहे. गटाला एक गुण देऊन तो चौघांना चिकटवू नका. आकारिकच्या नोंदवहीत त्या शेवटच्या पाच मिनिटांतलं एकट्यानं सोडवलेलं उदाहरणच धरा. गटकार्याची वर्णनात्मक नोंद करा, आणि ती त्या अकरा चौकोनांच्या कागदावरून आयती मिळते: 'शेजाऱ्याची रीत विचारून स्वतःची चूक दुरुस्त करते.'

गटाला काही द्यायचंच असेल तर रॉबर्ट स्लाव्हिन यांची सुधारणेच्या गुणांची रीत बघा. प्रत्येक मुलाची मागच्या चाचण्यांची सरासरी हा त्याचा पाया. २० गुणांच्या चाचणीला तो हिशेब असा बसतो: पायापेक्षा २ हून जास्त गुणांनी घसरला तर ५, २ पर्यंत घसरला तर १०, पायाइतके किंवा २ पर्यंत वाढले तर २०, २ हून जास्त वाढले किंवा २० पैकी २० पडले तर ३०. पाया ८ असलेल्या मुलाला ११ पडले की तो गटाला ३० आणून देतो, आणि पाया १७ असलेली मुलगी १८ वर गेली तर २०. कच्चं मूल गटाला ओझं वाटायचं थांबतं ते इथे. गटाची बेरीज करू नका, सरासरी काढा, नाहीतर तिघांचे दोन गट कायम मागे राहतील. हे गुण प्रगतिपत्रकात जात नाहीत, फक्त वर्गातल्या फळ्यावर राहतात. सरासरी २० च्या वर गेली की घंटेची पाळी त्या गटाकडे.

विज्ञानासाठी एक वेगळी रीत आहे, पण ती सगळ्या पाठांना चालत नाही. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली. पाठाचे स्वतंत्र भाग पाडायचे, एकेका भागाची मुलं एकत्र बसून तो शिकतात आणि मग आपल्या गटात येऊन शिकवतात. हवा, पाणी, जमीन अशा सुट्या भागांना ती छान. चारच्या गटात एक भाग दोघांनी मिळून घ्यायचा. मात्र एकेका भागाची अकरा-बारापासून वीसपर्यंत मुलं होतात, त्यांना एकत्र बसवलं की पुन्हा तोच गोंधळ. त्यांचेही तीन-चारचे गट करा. लागोपाठ दोन तासिका लागतात. ज्या पाठात दुसरी पायरी पहिलीवर उभी आहे, म्हणजे गणितात जवळजवळ सगळीकडे, तिथे वापरू नका.

चौथीच्या बाई, हिंगणा

उन्हाळ्यात सकाळची शाळा झाली की तासिका २५ मिनिटांवर येते. तेव्हा यातलं काय वगळायचं?

गणितवाल्या बाई, कामठी तालुका

चारचे गट त्या दिवसांत नकोच. बाकावरची जोडी तशीच ठेवा, वळायचंही नाही, म्हणजे पहिली तीन मिनिटं वाचली. फळ्यावर ५, जोडीत ९, तपासणी ६, एकट्यानं ५. कार्डं दोनच, ५/८ आणि ७/१२. चिठ्ठीवर नंबराऐवजी 'खिडकीकडचा' किंवा 'दाराकडचा'. मधल्या रांगेतही एक मूल खिडकीच्या बाजूला असतंच.